युसूफभाईंचा मालक

युसूफभाई उन्हाला सलाम करीत असत. मार्चअखेर पहिला चटका बसला, की आपल्या पत्र्याच्या शेडच्या दारात उभे राहून ते उजवा हात कपाळाला लावीत आणि म्हणत, "उना मना मालक!" म्हणजे, आला माझा मालक. मग त्यांचा हातोडा पत्र्यावर असा कोसळे, की समोर कडुनिंबाखाली मांडलेल्या माझ्या टेबलावरील रबरी शिक्के उडत.

ते कूलर बनवीत, मी अर्जनवीस. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले असले, तरी माझ्या मसुद्यातील शब्द खोडण्याची हिंमत आजवर कोणत्याही साहेबाने केलेली नाही. आमच्या तालुक्यात ऊन दरसाल वाढत होते आणि युसूफभाईंचे कूलर पारोळा, जामनेरपर्यंत जात होते. एकदा एक गिऱ्हाईक "या उन्हानं जीव घेतला" एवढेच म्हणाले. युसूफभाईंनी त्याच्या कानशिलात लगावली. "मना मालकले शिव्या देस? चाल, निंघ!" गालावर चार बोटे उमटली. गिऱ्हाईक गेले, पण कूलर घेऊनच. गावात दुसरे दुकान नव्हते.

त्या वर्षी तहसील कचेरीकडून मोठी जागा मिळावी म्हणून मी त्यांचा अर्ज लिहिला. त्यात माझे एक वाक्य होते : "वाढती उष्णता हे या तालुक्यास वरदानच ठरत आहे." ते त्यांनी तीनदा वाचून घेतले. "काय लिखस तू, नाना! सगळा सायब गार पडतीन!"

पुढल्या मे महिन्यात त्यांचे थोरले बंधू यासीनभाई त्याच शेडमध्ये पत्रा ठोकता ठोकता कोसळले. आत विक्रीचे वीस कूलर उभे होते, त्यातला एकही चालू नव्हता. विकायचा माल वापरायचा नाही, हा युसूफभाईंचा दंडक होता. मी हात लावला तेव्हा यासीनभाईंचे अंग तव्यासारखे पोळत होते. दवाखान्यात पोहोचण्याआधीच ते गेले. दाखल्यावर लिहून आले, 'हृदयक्रिया बंद'. 'उष्माघात' हा शब्द नसल्याने यासीनभाईंच्या पत्नीला, भाभींना, सरकारी मदत मिळणार नव्हती.

मी भाभींसाठी, युसूफभाईंच्या सहीने, दुसरा अर्ज लिहिला : "वाढती उष्णता हा या तालुक्यास शाप ठरला असून..." आम्ही दोघे तो घेऊन कचेरीत गेलो. कारकुनाने कपाटातून जुना अर्ज काढला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तो हसला.

"नाना, अक्षर तुमचंच, सही यांचीच. मागच्या साली वरदान, यंदा शाप? ऊन काय तुमचे अर्ज वाचून तापतं?"

मी माझ्याच मसुद्यातला 'शाप' खोडायला पेन काढले. युसूफभाईंनी कारकुनाची कॉलर धरली आणि भर दुपारी त्याला रस्त्यावरून फरफटत शेडपर्यंत नेले. गुडघे सोलून रक्त आले, चप्पल वाटेतच राहिली. आत ढकलून त्यांनी बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून ते हातोडा घेऊन बसले.

"भीतर बस, सायब. मालकलेच इचार, वरदान शे का शाप!"

आतून पत्र्यावर मुठी आदळू लागल्या. मी पुढे झालो, तर हातोडा माझ्या कानाजवळून गेला. अर्ध्या तासात मुठींचा आवाज मंदावला, मग थांबला. तेव्हा मागोमाग आलेला जमाव युसूफभाईंवर तुटून पडला. युसूफभाईंचे दोन दात पडले, ओठ फाटला, बरगडी मोडली. कारकुनाला उचलून बाहेर काढले, तेव्हा तो ओकत होता आणि स्वतःच्या आईलाही ओळखत नव्हता.

तो वाचला. त्याच्या भावाने तक्रार लिहायला मलाच बोलावले. ठाण्यात ती मोठ्याने वाचावी लागली. युसूफभाई खाली फरशीवर बसले होते.

"...तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये अर्धा तास कोंडल्याने फिर्यादीच्या भावास उष्माघात झाला. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे."

"काय झाया? परत वाच."

"उष्माघात."

ते रक्ताळलेल्या तोंडाने हसले. "अर्ध्या तासमा? मना भाई त्याच शेडमा तीस साल व्हता. त्या दाखलानी एक नक्कल काढ, नाना. भाभीना अर्जले जोड."

मी जोडली. अर्ज मंजूर झाला.

शिक्षा भोगून युसूफभाई परतले, तो मार्चचाच महिना होता. शेडच्या दारात ते उभे राहिले. ऊन चढले होते. सवयीने उजवा हात कपाळापर्यंत गेला आणि त्यांनी त्याची डोळ्यांवर नुसती सावली धरली.