सेक्टरच्या ग्राउंडवरचा पेक्का

आमच्या ग्राउंडवर सकाळी पेनल्टी बॉक्सच्या आतून मारलेला गोल संध्याकाळपर्यंत मध्यरेषेवरून मारलेला होतो. किश्शांचंही तसंच. कोणी मुद्दाम जमवत नाही. खेळ संपल्यावर बूट सोडता सोडता एक जण काहीतरी सांगतो, दुसरा त्यात भर घालतो आणि तिसरा म्हणतो, "अबे, मी होतो ना तिथं!" आणि तो नेमका त्या दिवशी नागपूरला साळीच्या लग्नात असतो!

पेक्काच्या बाबतीत मात्र मला भर घालायची गरज पडत नाही. मी खरंच तिथं होतो.

*

आमची टीम म्हणजे भिलाईतली चाळिशी उलटलेली मराठी मंडळी. कॅप्टन ठवरेकाका, स्टील प्लांटमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले. गोलकीपर वानखेडे, रेल्वेत दुर्ग लाइनवर टीसी. मी ऑफिसात क्लार्क आणि टीममध्ये लेफ्ट बॅक. म्हणजे जिथं बॉल कमी येतो तिथं.

जानेवारीतला रविवार होता. आम्ही स्वेटर आणि कानटोप्या घालून उभे, आणि एक उंच गोरा माणूस हाफ पँटवर ग्राउंडला चकरा मारत होता. आमच्यात एक माणूस कमी होता.

काका म्हणाले, "राजू, त्या गोऱ्याले विचार, खेळतो का म्हणा."

मी इंग्लिशमध्ये विचारलं, "फुटबॉल येतो का?"

त्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, "थोडा."

नवा माणूस म्हणून काकांनी त्याला मागे, माझ्या बाजूला उभं केलं. मग विचित्र प्रकार सुरू झाला. बॉल कुठूनही निघो, शेवटी त्याच्याच पायाशी यायचा. तो फारसा पळतही नव्हता. बॉल जिथं येणार तिथं आधीच जाऊन उभा असायचा, बस पकडायला थांबल्यासारखा.

हाफ टाइमला काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गुड! डेली प्रॅक्टिस करो. यू विल इम्प्रूव्ह!"

"थँक यू," तो म्हणाला.

आठवडाभरानं वानखेडेनं मोबाइलवर शोधून काढलं. हा पेक्का. फिनलंडचा. तिथल्या वरच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं मिडफिल्डर म्हणून खेळलेला, पगारी, पक्का प्रोफेशनल! गुडघा गेल्यावर इंजिनिअर झाला आणि आता कुठल्याशा कंपनीकडून मशीन बसवायला भिलाईत आला होता.

आम्ही सगळे काकांकडे बघायला लागलो. काका अजिबात हलले नाहीत.

"मंग? मी म्हटलंच होतं, पोट्टा मेहनती आहे."

*

पेक्का स्वतःहून बोलत नसे. विचारलं तर उत्तर मिळे, तेही इंग्लिशमध्ये आणि तोलूनमापून. आमच्या मूळ विदर्भाच्या माणसांना हे झेपणं कठीण. म्हणून आम्हीच त्याच्याकडून एकेक गोष्ट काढायचो.

त्याचा पहिला क्लब अगदी लहान गावातला. सीझनच्या सुरुवातीला खेळाडूंनी स्वतःच फावड्यांनी मैदानावरचा बर्फ काढायचा. क्लबकडे एकच बस, आणि ती चालवायचा टीमचा गोलकीपर. एकदा लांबच्या गावी मॅच होती. गोलकीपरनं रेफरीशी हुज्जत घातली आणि रेफरीनं त्याला रेड कार्ड दाखवलं. तो तणतणत बाहेर गेला, बसमध्ये बसला आणि बस घेऊन सरळ घरी निघून गेला!

"मंग तुम्ही?" काकांनी विचारलं.

"ट्रेननं. कपडे बसमध्ये होते. आम्ही तसेच, खेळाच्या ड्रेसवर."

आम्ही पोट धरून हसत होतो. वानखेडे मात्र गंभीर.

"तिकिटं काढली होती का?"

*

पुढे त्याला पोर्तुगालच्या एका क्लबनं घेतलं. भाषेचा गंध नाही. कोच दिवसभर ओरडणारा. पेक्का बॉल घेऊन पुढे सुटला की कोच लाइनवरून बोंबलायचा, "त्रास! त्रास!"

पेक्काला वाटलं, शाबासकी देतो आहे. तो आणखी पुढे जायचा. कोच आणखी जोरात, "त्रास! त्रास!" पेक्का थेट गोलपर्यंत. तीन-चार मॅचमध्ये गोलही झाले. मग कोणीतरी सांगितलं, की त्या शब्दाचा अर्थ 'मागे'. कोच त्याला मागे राहून डिफेन्स सांभाळायला सांगत होता!

"मग कोच चिडला असेल?" मी विचारलं.

"नाही. पेपरात म्हणाला, ही माझीच आयडिया होती."

ठवरेकाकांना ते पोर्तुगीज वगैरे पटलंच नाही. "बॉल घेऊन गेला अन् वापस येतच नाही, त्याले त्रास नाही म्हणणार तं काय म्हणणार? शुद्ध मराठी आहे!"

*

एकदा वानखेडेचं घरी मोठं भांडण झालं होतं. पेक्काला कंपनीच्या कामानं रायपूरला जायचं होतं, वानखेडेलाही ड्यूटी संपवून तिकडेच जायचं होतं. ट्रेनमध्ये दुर्गपासून रायपूरपर्यंत वानखेडेनं त्याला आपली सगळी कहाणी ऐकवली. सासू, मेहुणा, फ्रिज, सगळं. अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत. पेक्का खिडकीशी बसून ऐकत राहिला. एक शब्द बोलला नाही.

पुढच्या रविवारी वानखेडे खूश. बायको माहेरून परत आलेली.

"काय सांगितलं बे त्यानं तुले?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही! पण काका, इतका चांगला सल्ला मले आजपर्यंत कोणी देला नाही!"

*

पेक्काला कंपनीनं हॉटेलात ठेवलं होतं, ते त्याला आवडेना. म्हणून तो जवळच कुरुदला काकांच्या घरी वरच्या खोलीत राहायला आला. काकूंनी त्याला पहिल्याच दिवशी पोटचा मुलगा करून टाकला. नाश्त्याला पोहे, जेवताना "अजून एक पोळी," आणि तो नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत पोळी ताटात!

मे महिना आला. आमच्याकडे मेमध्ये दुपारी कुत्रंही रस्त्यावर नसतं. एक दिवस शेजारणीनं भिंतीवरून हाक मारली, "काकू, तुमचा गोरा गच्चीवर बसून राहिला, उघडाबंब!"

काकू वर धावल्या. पेक्का गच्चीच्या तापलेल्या फरशीवर बादलीनं पाणी ओतत होता. वाफ निघाली की स्टुलावर बसून डोळे मिटून घ्यायचा, डोक्यावर टॉवेल. चेहरा टोमॅटोसारखा लाल आणि वर हसू!

काकूंनी वरूनच आरोळी ठोकली, "अहो, या लवकर! त्याले ऊन लागलं!"

काका कैरीचं पन्हं आणि कांदा घेऊन धापा टाकत वर पोचले. पेक्कानं एक डोळा उघडला आणि म्हणाला, "सौना."

काका भडकले. "सोना है तो खाली पंख्याखाली झोप ना बाप्पा! इथं काहून जीव देऊन राहिला?"

मग मला बोलावणं आलं. मी समजावून सांगितलं, की काका, त्याच्या देशात घराघरात अशी गरम खोली असते, तिथं लोक मुद्दाम घाम काढायला बसतात, त्यांना त्यानं बरं वाटतं. काकांनी जाताना फरशीला हात लावून बघितला.

पुढच्या रविवारी मी गेलो तर काकू अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या. मी विचारलं, "काका कुठं आहेत?"

काकूंनी वर बोट दाखवलं. "आधी एकच येडा होता."

*

हे सगळं झालं तरी एक प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो काकांनी एकदा खेळ झाल्यावर सरळच विचारला, "देशाकडून खेळला का?"

पेक्का बुटाची नाडी सोडत होता. ती त्यानं पूर्ण सोडली आणि मग सांगितलं.

एकदाच बोलावलं होतं. त्याची आई कधी गाव सोडून न गेलेली, ती राजधानीत मॅच बघायला आली. दुसऱ्या हाफमध्ये कोचनं त्याला वॉर्म-अप करायला सांगितलं. तो लाइनच्या कडेनं धावत राहिला. शेवटी शेवटी कोचनं खूण केली. त्यानं जॅकेट काढलं, लाइनवर येऊन उभा राहिला. आत जायचं तर खेळ थांबायला हवा, बॉल बाहेर जायला हवा. बॉल बाहेर गेलाच नाही. तसाच खेळता राहिला, आणि रेफरीची शेवटची शिट्टी झाली.

पुढच्या सीझनला गुडघा गेला. परत बोलावणं आलं नाही.

आम्ही सगळे उगाच नाड्या सोडत राहिलो. वानखेडेसुद्धा.

"आई काय म्हणली?" काकांनी हळूच विचारलं.

"तिला फुटबॉल कळत नाही. ती म्हणाली, बाकीच्यांपेक्षा तूच जास्त धावलास. मग तुला आत का नाही घेतलं?"

पेक्का हसला. आम्हाला हसता येईना. काका उठले, पँट झटकली, आणि त्याच्या दंडाला धरून त्याला उभं केलं.

"चाल. आमच्या टीममधी बाहेर बसाले माणूसच नाही."

*

आणि आता नंदिनीची मॅच.

नंदिनी नगर म्हणजे चुनखडीच्या खाणींची वसाहत. तिथल्या टीमशी आमची दरवर्षी मॅच होते आणि दरवर्षी आम्ही हरतो. त्यांच्यात सगळी खाणीतली तरुण पोरं, घोड्यासारखी पळणारी. काकांनी कॅप्टन म्हणून ती मॅच एकदाही जिंकली नव्हती, आणि या वर्षानंतर कॅप्टनशिप सोडणार असं त्यांनी जाहीर केलं होतं. पेक्काचंही काम संपत आलं होतं, पुढच्या आठवड्यात तो परत जाणार होता. त्यात त्याचा गुडघा सुजलेला. डॉक्टर म्हणाले, खेळायचं नाही. काकू म्हणाल्या, अजिबात खेळायचं नाही. पेक्का गुडघ्याला पट्टी बांधून गाडीत येऊन बसला.

नंदिनीच्या कोचनं त्याच्याबद्दल ऐकलं असावं. मॅचच्या आधी त्यानं एका दणकट पोराला बाजूला घेऊन सांगितलं, "गोरे अंकल को एक मिनट नहीं छोड़ना. जहाँ जाए, साथ जाना."

पोरगं आज्ञाधारक निघालं. पेक्का डावीकडे, तर ते डावीकडे. पेक्का उजवीकडे, तर ते उजवीकडे. सुजलेल्या गुडघ्यानं पेक्काला त्याच्यापासून सुटणं शक्यच नव्हतं. त्याच्याकडे दिलेला प्रत्येक बॉल ते पोरगं मधेच काढून घ्यायचं. वानखेडेनं मात्र त्या दिवशी कमाल केली. काय काय अडवलं त्यानं! एक तर चक्क तोंडानं. गोलशून्य बरोबरी टिकून होती.

दुसऱ्या हाफमध्ये माझ्या मांडीत गोळा आला. मी लंगडत बाहेर आलो आणि लाइनला लागून असलेल्या चहाच्या टपरीवर पाय पसरून बसलो.

खेळ संपत आला होता. काका मैदानाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून उभे, चेहरा उतरलेला. पेक्कानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा आपल्यामागच्या पोराकडे. आणि शांतपणे चालत मैदानाबाहेर आला.

पोरगं त्याच्या मागोमाग बाहेर!

पेक्का टपरीवर माझ्या शेजारी येऊन बसला. पोरगं समोर उभं. पेक्कानं चहावाल्याला दोन बोटं दाखवली. एक ग्लास स्वतः घेतला, दुसरा पोराच्या हातात दिला. पोरगं गोंधळलं, पण मोठ्या माणसानं दिलेला चहा नाही कसा म्हणणार? फुंकर मारून प्यायला लागलं.

तेवढ्यात मैदानावर एकच गलका झाला. नंदिनीच्या डिफेन्समध्ये, त्या पोराच्या रिकाम्या जागेतून, आमचे काका बॉल घेऊन एकटेच आत शिरले होते. मारला कसा ते त्यांनाही सांगता येणार नाही, पण बॉल जाळीत होता आणि आमची मंडळी काकांना उचलत होती! उचलता येईना म्हणून परत ठेवत होती!

पोरानं वळून बघितलं. त्याच्या हातातला चहा हिंदकळला.

"अंकल," ते रडवेलं होऊन म्हणालं, "आप तो खेल ही नहीं रहे थे!"

पेक्कानं शेवटचा घोट घेतला. ग्लास फळीवर ठेवला.

"खेळून राहिलो ना, भाऊ!"