नेव्हिल ट्रस्कॉटच्या डाव्या बाजूचे केस

नेव्हिल ट्रस्कॉट कोणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नसे, आणि गंमत अशी की अख्खं बुंडावारा गाव त्याच्या शब्दावर चालत असे.

तीस वर्षं तो लोकरीची प्रत ठरवत होता. मेंढी कातरून झाली की लोकर त्याच्या टेबलावर येई. तो त्यातली एक बट घेई, दोन्ही हातांत ताणून कानाजवळ धरी आणि टिचकी मारी. खणखणली तर पक्की, चरचरली तर कच्ची. मालक समोर उभा राहून चाऱ्या-पाण्याची रड सांगत असला तरी नेव्हिल ऐकायचा ते लोकरीचंच. आणि मालक आपणहून म्हणाला, "हे बघ, इथे जरा गोखरू अडकलेत," तर नेव्हिलचा संशय दुप्पट. छोटी खोट दाखवणारा मोठी लपवत असतो, हा त्याचा सिद्धान्त.

असा हा माणूस एक्कावन्नाव्या वर्षी औषधाच्या दुकानात शिरला आणि टोपी न काढताच म्हणाला, "केसांवर काय आहे?"

दुकान थुई लामचं. तिने ते घेतल्याला दोन वर्षं झाली, तरी गावाच्या लेखी ती अजून 'नवी पोरगी'च.

"दोन औषधं आहेत," थुई म्हणाली. "मिनॉक्सिडिल डोक्याला चोळायचं. ते असंच मिळतं. दुसरी फिनास्टराइडची गोळी, तिला डॉक्टरची चिठ्ठी लागते. गोळीने काही जणांची पलंगावरची हौस कमी होते. शिवाय प्रोस्टेटची तपासणी करायची असली, तर गोळी चालू आहे हे डॉक्टरला सांगायचंच. नाहीतर रक्तातला आकडा फसवा येतो."

"आणि चोळायचं?"

"पहिल्या दोनेक महिन्यांत केस उलट जास्त गळू शकतात. घाबरायचं नाही, चार महिने धीर धरायचा. आणि औषध सोडलंत, तर आलेलेही जातात."

नेव्हिलचा संशय चौपट झाला. एवढ्या खोटी, आणि त्याही न विचारता! बाटली त्याने घेतली खरी, पण पुरावा गोळा करायला घ्यावी तशी.

"अर्ध्याच डोक्याला का चोळतोयस?" बायकोने, ग्लेनिसने, विचारलं.

"तुलना नको? डावीकडे औषध, उजवीकडे काही नाही. दोन कळप शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय चाऱ्याचा गुण कळतो का?"

"नेव्ह, ते कळप नाहीत. तुझं टाळकं आहे."

"म्हणूनच."

पाचव्या आठवड्यात डावी बाजू झडू लागली. लोकरीच्या शेडमध्ये कातरणारे विचारू लागले, "काय नेव्ह, ग्लेनिस एकाच बाजूने उपटते वाटतं?" नेव्हिलने गळलेले केस पाकिटांत भरले, वर तारखा घातल्या आणि पाकिटं थुईच्या काउंटरवर मांडली.

"शनिवारी पबमध्ये सगळे विचारणार. काय सांगू?"

थुईला पक्कं ठाऊक होतं. हा माणूस एकदा 'कच्ची' म्हणाला, की लोक खोकल्याच्या गोळीसाठीसुद्धा साठ किलोमीटरवरच्या दुकानात जातील.

"गळतील, असं मी आधीच सांगितलं होतं."

"तेच तर! सबब आधीच तयार ठेवली होतीस."

"जुना केस पडतो, कारण खाली नवा यायला लागलेला असतो. उजवीकडे गळतायत?"

"नाही."

"मग औषध काहीतरी करतंय, एवढं तरी मान्य?"

नेव्हिलने एक पाकीट उचलून उजेडात धरलं. "काहीतरी. चांगलं की वाईट, ते बघायचंय."

"मग अजून अकरा आठवडे बघा. तोवर पबमध्ये माझं नाव नको."

अकरा आठवडे तो टोपीत राहिला. न्हाणीघरातला आरसा खुशामती वाटला म्हणून ट्रकचा आरसा वापरला. तोही पटेना, तेव्हा ग्लेनिसच्या हाती भिंग दिलं.

"आलीय रे थोडी लव."

"माझं मन राखू नकोस."

"तीस वर्षांत राखलंय का कधी?"

लव खरीच होती. विरळ, वेडीवाकडी, पण डावीकडेच. नेव्हिलने घरातला शाम्पू तपासला, नळाचं पाणी तपासलं. ते तर दोन्ही बाजूंना सारखंच लागत होतं. नाइलाज झाला.

त्या शनिवारी पबमध्ये त्याने टोपी काढली. ग्लास हातातच राहिले.

"म्हणजे पोरीचं औषध खरं?" कोणीतरी विचारलं.

"मला खोट सापडली नाही," नेव्हिल दाढ दुखत असल्यासारखा म्हणाला. "अजून शोधतोय."

सोमवारी थुईने दार उघडलं, तर बाहेर तीन कातरणारे, एकमेकांना न ओळखल्यासारखे. त्यांच्या मागे नेव्हिल.

"उजवी बाजू सुरू करतोय," तो म्हणाला. "पण ही बाटलीही तशीच निघेल कशावरून?"

थुईने दोन बाटल्या पुढे ठेवल्या. "घ्या, तुम्हीच निवडा."

नेव्हिलने दोन्हींकडे नीट पाहिलं आणि फळीवर अगदी मागे असलेली तिसरी मागितली.