दाजींचं ऑटोमॅटिक घड्याळ

आणि म्हणे मी ताईच्या लग्नात दाजींना बिघडलेलं घड्याळ देऊन फसवलं! आज सकाळी ताई फोनवर रडत होती. सासरी पुन्हा तोच टोमणा.

अरे, ते ऑटोमॅटिक आहे. रोज घातलं की हाताच्या हालचालीनं चावी भरत राहते. काढून ठेवलं की दीड दिवसात थांबतं. आमचे दाजी ते कपाटात ठेवतात आणि फक्त लग्नकार्याला बाहेर काढतात.

इथं चामराजपेटात मी घड्याळ दुरुस्तीच्या दुकानातच कामाला आहे. मालक हसून आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "दाजींना स्वल्प हात हलवायला सांग."

म्हटलं, "अण्णा, त्यांचा हात फक्त ताटावर बसल्यावर हलतो."

मित्रांनो, अशा माणसाला दुसरं काय द्यायचं? ताईला बोलणी नकोत म्हणून सेलवर चालणाऱ्या घड्याळासाठी पाठवतोय साडेसातशे रुपये.