मेंढ्यांच्या पोत्यात मोरचूद नसतं

काकांना जाऊन दीड महिना झाला. माणसं भेटायला येतात, खुर्चीवर बसतात आणि म्हणतात, फार हुशार माणूस होता हो. होता, नाही कोण म्हणतंय. पण ती हुशारी आत्याला केवढ्याला पडली ते घरच्यांनाच माहीत. आता आत्याच म्हणाली, लिहून टाक सगळं, म्हणून लिहायचं.

काका जनावरांच्या खाद्याच्या कारखान्यात मिक्सरवर होते, तीस वर्षं. मका, पेंड, कोंडा, मळी, मीठ, चुनखडी असं सगळं त्या मोठ्या पिंपात पडायचं आणि शेवटी क्षारांची बादली. तपासायचं मशीन बंद असलं की साहेब काकांनाच हाक मारायचे. काका चिमूट तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, मीठ उतरलं नाही नीट, अजून फिरवा. म्हणून तिथं त्यांचं नाव पडलं जीभ.

गाय भिंत चाटते म्हटलं की मीठ कमी. हाडं चघळते म्हटलं की फॉस्फरस कमी. काळी कातडी भुरी पडली की तांबं कमी. इथवर ठीक होतं. पण काका माणसांनाही सोडायचे नाहीत. शेजारच्या सुनेला तिच्या सासूसमोर विचारलं, "माती खावीशी वाटते का गं?" सुनेला उपाशी ठेवते असंच म्हटलं असं समजून सासूनं दोन वर्षं आमच्या दारात पाऊल टाकलं नाही. काकू म्हणायच्या, "जगाचं काय कमी आहे ते कळतं, आणि स्वतः चहात बिस्कीट बुडवून जगताय." काका म्हणायचे, "माझा खुराक ठरलेला आहे."

आत्या त्यांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मागं नऊ मेंढ्या राहिल्या. कोकरं विकायची, लोकर विकायची, त्यावर घर चालायचं. मानी एवढी की भावाकडून साखरेची पुडी घेणार नाही. काकांना ते आतून लागायचं. मग एका वर्षी कोकरं अशक्त निपजली, आणि आत्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "दादा, तुमच्याकडचं ते मेंढ्यांच्या क्षारांचं पोतं आण ना एक."

काका तरंगतच गोदामात गेले. तिथं दोन थप्प्या. एक गाईंच्या क्षारांची, एक मेंढ्यांच्या. दोन्ही त्यांच्याच हातची. फरक एवढाच, गाईच्यात निळी पूड पडायची, मोरचूद, म्हणजे तांबं. मेंढ्यांच्यात ती नसायची, आणि भाव मात्र तोच. इतकी वर्षं काकांची खात्री होती की ही मालकाची चलाखी आहे. एक जिन्नस गाळायचा, वेगळं चित्र छापायचं आणि दोनदा विकायचं. परक्याला चालेल, पण सख्ख्या बहिणीला कमी माल द्यायचा? त्यांनी गाईचं पोतं उचललं.

आत्यानं पोतं फिरवून बघितलं. "अरे, यावर गाय आहे."

"चित्राला कुठं खायचंय?"

"खाली लिहिलंय, मेंढ्यांना देऊ नये."

"लिहितात मालक, बनवतो मी. कोणाचं ऐकणार?"

आत्यानं भावाचं ऐकलं. रोज प्रत्येकीला चमचाभर. दोन महिने सगळं झकास होतं. काका येता जाता मेंढ्यांच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचे, बघ लोकर कशी चमकते.

मग एके सकाळी एक मेंढी पडली ती उठलीच नाही. दोन दिवसांनी दुसरी, लगेच तिसरी. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी. चौथी मान टाकून बसली तेव्हा जनावरांची डॉक्टरीणबाई आली. तिनं डोळ्याची पापणी ओढून बघितली. "काय घालता यांना?"

"चारा, पाणी. दुसरं काय घालणार?" आत्या म्हणाली. "हा शेजारचा तणनाशकाचे फवारे मारतो, त्याचंच हे. आज त्याला सोडत नाही मी." आणि बाह्या सरसावून निघालीसुद्धा. पोत्याचं तिच्या मनातही आलं नाही. भावानं दिलेलं ते औषध, विष कसं असेल.

काका कुंपणाला धरून उभे. गप्प राहिले असते तर शेजाऱ्याशी भांडण झालं असतं, फार तर डोकं फुटलं असतं, पण काकांची अब्रू शाबूत राहिली असती. आणि उरलेल्या पाच जणी उद्याही तोच चमचा खाणार होत्या.

"थांब गं," काका म्हणाले. "मी दिलंय. गाईचे क्षार."

डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, गाईला जेवढं तांबं लागतं तेवढं मेंढीला सोसत नाही. यकृतात साठत जातं आणि एक दिवस एकदम रक्तात फुटतं. हे तर कारखान्यातला शेंबडा पोरगाही सांगेल."

"मी कारखान्यातलाच आहे," काका म्हणाले.

आत्या फाटकातून परत आली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "बाई, तुम्ही औषध द्या. भावाकडे मी नंतर बघते." चौथीही दुसऱ्या दिवशी गेली. तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "दादा, आता या पाच तू जगवायच्या."

काका रोज कामावर जायच्या आधी यायचे. एकेकीचं तोंड उघडून औषध पाजायचे, कपड्यांवर लाळ घेऊन तसेच कारखान्यात. दीड महिना. पाचही जगल्या. आत्या तोवर त्यांच्याशी मेंढ्यांपुरतंच बोलायची.

कारखान्यात काकांनी मिक्सर सोडून दुपारी विक्रीच्या खिडकीशी उभं राहायला सुरुवात केली. मेंढ्या आहेत का विचारायचे. आहेत म्हटलं की मेंढ्यांचंच पोतं हातात द्यायचे, वरचं सगळं वाचून दाखवायचे, गाईचं मागितलं तर भांडायचे. वर्षाअखेर मेंढ्यांच्या पोत्यांचा खप दुप्पट. मालकांनी सगळ्यांसमोर काकांचा सत्कार केला, उत्कृष्ट विक्रेता म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. काका शेंदरासारखे लाल झाले. लोकांना वाटलं, लाजले.

घड्याळ घरी आलंच नाही. ते थेट आत्याकडे.

"कशाबद्दल मिळालं?"

"तुझ्या चार मेंढ्यांबद्दल."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसली, अशी हसली की खाली बसली. हसता हसता रडली. घड्याळ तिनं मेंढ्यांच्या छपरात खिळा ठोकून लावलं.

"मेंढ्यांना कशाला वेळ कळायला हवी?" काका म्हणाले.

"मेंढ्यांना नाही, तुला. रोज इथं रेंगाळतोस, कामाला उशीर होतो."

त्यानंतर आठ वर्षं काका रोज सकाळी तिथंच चहा घेऊन कामावर अर्धा तास उशिरा पोचले. उत्कृष्ट विक्रेत्याला मालक काय बोलणार.