रतनच्या वाट्याचं खातं

मुलुंड पश्चिमेला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर बाजाराचा जो रस्ता आहे, त्यावर रतन भालशंकरचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान छोटं, पण चांगलं चालणारं. रतनचे वडील बार्शीकडून आले आणि भांडुपच्या एका कारखान्यात फिटर म्हणून राबले. पोराने यंत्राच्या तेलात हात घालू नयेत, एवढीच त्यांची इच्छा. रतन डोळे तपासायचा कोर्स शिकला, दुसऱ्याच्या दुकानात उमेदवारी केली आणि मग स्वतःची पाटी लावली. ग्राहकाच्या नाकावर फ्रेम बसवताना त्याचा हात इतका हलका पडायचा, की म्हाताऱ्या बायका नाहूरहून, भांडुपहून मुद्दाम त्याच्याकडे येत.

जवळच मोठा मॉल उघडला तेव्हा बाजाराचे डोळे उघडले. तिथे फरशी चकचकीत, हवा थंडगार. आणि इकडे? रस्ताभर फुटके खोके, भाजीचा पाला, गटाराची उघडी तोंडं. पालिकेचा झाडूवाला सकाळी एकदा येऊन जाई आणि दहाच्या सुमारास पुन्हा होतं तसंच. गिऱ्हाईक हळूहळू तुटायला लागलं. मग औषधाच्या दुकानाचे अण्णा ओगले पुढे झाले. अण्णा बाजारातले सगळ्यांत जुने, त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. त्यांनी दुकानाच्या माळ्यावर सगळ्यांना बोलावलं.

"सरकार येऊन आपला रस्ता झाडणार नाही," अण्णा म्हणाले. "आपला बाजार आपणच राखायचा. ज्याचं जेवढं शटर, तेवढी त्याची वर्गणी. आहे कबूल?"

कुरकुर झाली, पण कबूल झालं. संघ स्थापन झाला आणि लगेच कामांची वाटणी सुरू झाली. हिशेब भांडीवाल्या शेठकडे गेला. दिवाळीची रोषणाई आणि पाहुण्यांचं स्वागत साड्यांच्या शोरूमवाल्या यज्ञेशने मागून घेतलं. यज्ञेश तेव्हा तिशीतला, बोलायला चटपटीत. पोलीस आणि फेरीवाले अण्णांनी स्वतःकडे ठेवले. राहिली स्वच्छता. अण्णांची नजर माळ्यावर फिरली आणि रतनवर येऊन थांबली.

"रतन, स्वच्छता तू बघ रे. तुला जमेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात रतनचीही मान होती. त्या माळ्यावर आपल्याला बोलावलं, नावाने काम दिलं, याचंच त्याला अप्रूप होतं.

घरी सुगंधाला, बायकोला, त्याने ते मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली.

"एवढ्या लोकांत ते तुम्हालाच कसं दिलं?"

"कोणीतरी बघायला नको का?"

"हवं ना. पण ते कोणीतरी नेहमी आपणच कसे असतो?"

रतनने विषय बदलला. त्याला ते तेव्हा ऐकायचं नव्हतं.

काम मात्र त्याने असं केलं, की तोंडात बोट घालावं. द्रौपदी नावाची एक खमकी बाई त्याला मिळाली. तिने आणखी चार जणी जमवल्या. दुपारच्या गर्दीनंतर आणि दुकानं मिटताना, असा दोनदा रस्ता झाडायचा, असं ठरलं. रतन दुकानादुकानांत जाऊन हात जोडायचा, भांडायचा, प्रसंगी खोके परत दुकानात नेऊन ठेवायचा. गटाराच्या झाकणांसाठी त्याने वॉर्ड ऑफिसच्या खेपा घालून चपला झिजवल्या. फुटलेले पेव्हर ब्लॉक बदलून घेतले. झाडणाऱ्या बायकांना हातमोजे आणि हात धुवायला एक नळ हवा, असं तो दर बैठकीत सांगायचा. दर बैठकीत उत्तर एकच: "बघू रे, रोषणाईचा खर्च निघू दे आधी." शेवटी हातमोजे त्याने पदरचे आणले. नळ आलाच नाही.

द्रौपदी दुकानासमोरून जाताना त्याला "जयभीम दादा" म्हणायची. अगदी हळू, काउंटरवर कोणी नाही असं बघून. रतनही तेवढ्याच हळू उत्तर द्यायचा. दोघांनी कधी ठरवलं नव्हतं, पण ते तसंच चालत राहिलं.

दोन-तीन वर्षांत रस्ता असा पालटला, की घाटकोपरचे, बोरिवलीचे व्यापारी बघायला यायला लागले. ते आले की यज्ञेश शाल-श्रीफळ घेऊन पुढे व्हायचा आणि रस्ताभर फिरवून माहिती सांगायचा. रतन दुकानातून बघायचा. कधीकधी यज्ञेश लांबून हात करायचा, "आणि हे आमचे रतनभाऊ, स्वच्छता यांच्याकडे!" पाहुणे मान लववायचे आणि पुढे सरकायचे.

फोन मात्र सगळे रतनला यायचे. दारात मेलेला उंदीर दिसला, रतन. फेरीवाल्याने नारळाची करवंटी टाकली, रतन. एकदा तर एका सोनाराने, दुकानात लहान पोराने ओकारी केली म्हणून त्याला बोलावलं. रतन गेला नाही, द्रौपदीला पाठवलं. पण रात्रभर त्याला ते टोचत राहिलं. सोनाराला फोन करावासा का वाटला, आणि आपल्याला द्रौपदीला पाठवावंसं का वाटलं.

मग त्या दिवशी यज्ञेशच्या शोरूमसमोरचं गटार तुंबलं. काळं पाणी पायरीला लागलं, आत लग्नाच्या खरेदीचं गिऱ्हाईक खोळंबलं. पालिकेची गाडी येते येते म्हणत येईना. संघाची मंडळी नाकाला रुमाल लावून कडेला उभी. कोणीतरी एक लांब बांबू आणला. यज्ञेशने तो घेतला, क्षणभर हातात तोलला आणि रतनपुढे धरला.

"रतनभाऊ, तुमचं खातं!"

सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते, सहज आलेलं होतं. रतनच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, खिशात लेन्स पुसायचं फडकं होतं. तो नाही म्हणू शकला असता. पण वीस माणसं बघत होती, पाणी चढत होतं, आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्याने पँट दुमडली आणि बांबू घातला. अडकलेली पिशवी निघाली, पाणी खळखळ उतरलं, टाळ्या वाजल्या. कोणीतरी फोटो काढून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचे स्वच्छतादूत!' हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

दीप्ती, त्याची मुलगी, तेव्हा कॉलेजला होती. तिने बापाच्या फोनवर फोटो पाहिला.

"बाबा, हा काढून टाकायला सांगा."

"अगं, कौतुक केलंय त्यांनी."

"कौतुक? मग यज्ञेशने का नाही घातला बांबू? गटार तर त्याच्या दारातलं होतं ना?"

रतनने तिच्या हातातून फोन काढून घेतला. दुसऱ्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांतली एक बाई आली, चष्म्याची काडी सैल झाली होती. रतनने नेहमीसारखा चष्मा तिच्या कानांवर बसवायला हात पुढे केले, तशी ती किंचित मागे सरकली. "राहू दे, मी घालते," म्हणाली. चेहऱ्यावर हसू होतं. रतनचे हात तसेच हवेत राहिले. त्यानंतर ती बाई पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही.

तरी त्याने खातं सोडलं नाही. त्याला एका गोष्टीची आशा होती. अण्णांनी त्याला दोन-तीनदा सांगितलं होतं, "माझे गुडघे गेले रे आता. माझ्यानंतर अध्यक्ष तूच." रतनने ते कोणाला सांगितलं नव्हतं, सुगंधालाही नाही. मनात मात्र जपून ठेवलं होतं.

अण्णा पायउतार झाले ते नेमकं एका बिल्डरने बाजाराच्या देखभालीसाठी मोठी देणगी देऊ केली तेव्हा. आता अध्यक्षाच्या सहीला वजन येणार होतं. माळ्यावर बैठक भरली. अण्णांनी घसा खाकरला आणि यज्ञेशचं नाव सुचवलं.

टाळ्या पडायच्या आत रतन उभा राहिला. "अण्णा, तुम्ही मला म्हणाला होतात."

"म्हणालो होतो रे," अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण बिल्डरच्या लोकांशी इंग्रजीत बोलणं, मिरवणं, हे तुला कुठे आवडतं? आणि तू वर आलास तर स्वच्छता कोण बघणार? त्यात तुझा हात धरणारा कोणी आहे का?"

"अण्णा, एक विचारू? पहिल्या दिवशी स्वच्छता मलाच का दिलीत?"

अण्णांचा चेहरा लाल झाला.

"काय बोलतोस रतन! इतक्या वर्षांत आम्ही कधी तुझी जात बघितली का?"

"मी जातीचा शब्द काढला नव्हता, अण्णा. तुम्ही काढलात."

भांडीवाले शेठ पंख्याकडे बघत राहिले. यज्ञेश म्हणाला, "यार रतनभाऊ, चांगल्या दिवशी कशाला हे?" रतनने गटाराच्या झाकणांच्या चाव्या टेबलावर ठेवल्या आणि जिना उतरला. मागून कोणी हाक मारली नाही.

सुगंधाला त्याने सगळं सांगितलं. ती 'मी म्हणत होते' असं म्हणाली नाही. तिने फक्त ताट वाढलं आणि त्याच्याजवळ बसून राहिली. दीप्ती म्हणाली, "बरं झालं, बाबा." त्या रात्री रतनला गाढ झोप लागली.

त्याला वाटलं होतं, आठवडाभरात रस्त्याची वाट लागेल आणि मंडळी दारात येतील. तसं काहीच झालं नाही. महिना उलटायच्या आत यज्ञेशने एक एजन्सी नेमली. गणवेशातली माणसं आली, झाडायचं यंत्र आलं. हातमोजे आले, आणि कोपऱ्यावर चक्क नळही बसला. आजवर ज्याला पैसा नव्हता, ते सगळं चुटकीसरशी झालं. रतन दुकानात बसून बघत होता. त्या नळाने त्याला जेवढं जाळलं, तेवढं त्या बैठकीनेही जाळलं नव्हतं.

एजन्सीचा सुपरवायझर, तरुण पोरगा, एक दिवस दुकानात आला. "काका, गटाराचे चेंबर कुठे कुठे आहेत, तुम्ही सांगाल म्हणाले. आधीचे सुपरवायझर तुम्हीच ना?"

"मी सुपरवायझर नव्हतो," रतन म्हणाला. "मी या संघाचा सभासद आहे. हे माझं दुकान आहे."

"सॉरी काका, मला तसंच सांगितलं." पोरगा खरोखरच ओशाळला. रतनने त्याला चेंबर कुठे आहेत ते सांगितलं. त्या पोराचा काय दोष?

एजन्सीने माणसं आपली आणली होती. द्रौपदी आणि तिच्या बायकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. ती दुकानात आली, ती पहिल्यांदाच पायऱ्या चढून आत आली. या वेळी तिने आवाज लहान केला नाही.

"जयभीम दादा. तुमचा मान राहिला, चांगलं झालं. माझं काही म्हणणं नाही. पण निघताना आमचा एक शब्द टाकायचा होतात."

"द्रौपदीबाई, मला सुचलंच नाही त्या वेळी."

"हां. नाही सुचत," ती म्हणाली. रागावून नव्हे, बाजारात भाजीचा भाव कळल्यावर माणूस जसा मान हलवतो तशी.

रतन यज्ञेशकडे गेला. स्वतःसाठी तो कधी गेला नसता. यज्ञेशने चहा मागवला, एजन्सीशी बोलतो म्हणाला आणि बोलला नाही. वॉर्ड ऑफिसात ओळखी होत्या, तिथेही रतनने शब्द टाकला. तिथल्या माणसाने विचारलं, "तुम्ही आता संघात कोण?" रतन नमस्कार करून बाहेर पडला.

बाकीच्या चार जणी कुठे कुठे पांगल्या. द्रौपदीला नाहूरला एका सोसायटीत जिने पुसायचं काम मिळालं. ती रतनचीच सोसायटी निघाली. सकाळी दुकानाला निघताना ती त्याला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दिसते. तो खाली येताना ऐकू आला, की ती बादली भिंतीकडे सारते आणि त्याला वाट करून देते. पहिल्या दिवशी रतन थांबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "जा दादा, ओलं आहे, जपून." आणि तो कठडा धरून जपून खाली उतरला.