तेल लागल्यावरचे अकरा दिवस

माझा आवाज मोठा आहे आणि माझी मतं त्याहून मोठी. जालन्यात आमच्या चर्चमध्ये लग्न ठरलेल्या पोरापोरींचा वर्ग मी वीसेक वर्षं घेतेय. त्यात एक तास जीव या विषयाचा असतो. गर्भपात का नको, दयामरण का नको, हे मी पोरांच्या डोळ्यांत बघून सांगते. जीव देवानं दिलाय, तो पोटात असो की खाटेवर, काढून घ्यायचा हक्क आपल्याला नाही. एखादी पोरगी चाचरत विचारते, "टीचर, बाळ जगणारच नाही असं डॉक्टर म्हणाले तर?" मी म्हणते, "जेवढं जगेल तेवढं आपलं," आणि पुढचा मुद्दा घेते.

या मतांना आडवी येणारी एकच बाई, माझी शेजारीण. आमच्या घरांची भिंत एकच. ती मारवाडी जैन घरातली, बायकांची डॉक्टर. "माझ्या धर्मातही ते पापच आहे गं," ती म्हणायची, "पण तुझ्यासमोर वर्ग असतो, माझ्यासमोर रडून तोंड सुजलेली बाई असते. तिच्या बाळाला डोक्याची कवटीच तयार झालेली नाही. तरी नऊ महिने वागव, असं मी तिला कुठल्या तोंडानं सांगू?" मी म्हणायचे, आज कवटी नाही म्हणून, उद्या मुलगी आहे म्हणून, आपल्या भागात काय काय झालं ते तुला चांगलं ठाऊक आहे. त्यावर ती खवळायची. "मुलगी आहे म्हणून आलेल्यांना मी दारातूनच हाकलते. दोन्ही एका तराजूत घालू नकोस." मग चहा व्हायचा आणि आम्ही आपापल्या घरी, आपापल्या मतांसकट.

गेल्या वर्षी तिच्या सासूबाईंनी संथारा घेतला, म्हणजे मरेपर्यंतचा उपास. साध्वी आल्या, मंत्र म्हणून व्रत दिलं आणि त्या दिवसापासून अन्न बंद. माझी माय रोज काठी टेकत जाऊन त्यांच्या उशाशी बसायची. मी मात्र मैत्रिणीला सुनावलं, की ही आत्महत्याच झाली. ती शांतपणे म्हणाली, "जीव द्यायला निघालेला माणूस घाईत असतो. आमच्या बाईंना बघ, कसली घाई दिसते?" मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

मायच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दोन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला रिक्षात घालून डायलिसिसच्या मशीनवर न्यायचे. चार तास हातात सुया, घरी आल्यावर अंगात गोळे आणि ओकाऱ्या, दुसऱ्या दिवशी जरा बरं, की परत जायची वेळ. ईस्टर झाल्यावर ती म्हणाली, "बाई, आता मशीन बास. मी थकले."

"माय, मशीन सोडणं म्हणजे जीव देणं."

"मंग देवानं दिली असती का मशीन आपल्या गावात?" अंबडकडच्या आमच्या गावात साधा दवाखाना नाही; तिथं असते तर कधीच गेले असते, आणि त्याला कुणी जीव देणं म्हटलं नसतं, हे तिचं म्हणणं. मी तिला पुढच्या मंगळवारीही नेलं.

मैत्रीण म्हणाली, तिचं शरीर आहे, तिला विचार. मी म्हटलं, तू दुसरं काय म्हणणार! मग मायनंच फादरना बोलावून आजाऱ्यांचं पवित्र तेल लावून घ्यायची इच्छा सांगितली, आणि मला मनातून आनंद झाला. आता फादरच हिला चार शब्द सुनावतील. मी फाटकातच त्यांना गाठून सगळं सांगितलं.

फादर वयानं माझ्याहून लहान, पण घाबरणारे नव्हेत. अर्धा तास ते मायशी एकटेच बोलले. बाहेर येऊन म्हणाले, "टीचर, आजींना मशीन नको असेल तर चर्च त्यांना बांधून ठेवत नाही. उपचाराचा त्रास फायद्यापेक्षा जड झाला तर माणूस तो सोडू शकतो. मरणासाठी सुई टोचणं वेगळं आणि मरणाला वाट देणं वेगळं. पहिलं आपण कधीच करत नाही."

"मग वीस वर्षं मी वर्गात काय शिकवलं?"

"ते तुम्ही आम्हाला विचारून कुठं शिकवलं?" ते हसले. मला हसू आलं नाही. वर्गात मी दोन्ही गोष्टी एकाच दमात खून म्हणून सांगत आले होते. "दुखलं तर औषध द्या," ते म्हणाले. "घास आणि पाणी, त्यांना गिळता येईल तोवर, थांबवू नका."

त्यांनी मायच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. मशीनवर आता न्यायचं नाही, हे ठरलं. मी भिंतीकडं तोंड करून रडले. हरले म्हणूनही रडले, आणि माय जाणार म्हणूनही.

दुसऱ्या दिवशी मायनं पेज घेतली नाही. तिसऱ्या दिवशी चमचा ओठांशी नेला तर दात आवळून घेतले. मी आधी गोड बोलले, मग ओरडले. मैत्रीण धावत आली आणि म्हणाली, तिनं ठरवलेलं दिसतं, तिच्या निर्णयाचा मान राख. "मान राखायचा म्हणजे उपाशी मारायचं का?" मी तिच्या अंगावर धावून गेले. फादरांनी आखून दिलेली एवढी एकच रेघ माझ्या हातात उरली होती, आणि माय तीही ओलांडत होती. मी खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला नीट विचारलं, "माय, का खाईनास? सांग मला."

तिला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "अगं, तेल लागलं ना! आता अन्न कसं चालंल? ह्यांच्या सासूबाईंनी कवा खाल्लं व्रत घेतल्यावर? मी बघितलं न्हाई का, रोज बसून राह्यल्ते तिथं."

तेव्हा कुठं आम्हा दोघींना उलगडा झाला. गावाकडं फादर वर्षातून एखाद्या वेळी यायचे, आणि तेल लागलेला माणूस मायनं प्रत्येक वेळी मरतानाच पाहिला होता. उरलेलं तिनं शेजारच्या घरात बघून जुळवलं होतं. "माय, आपल्यात तसं व्रत नसतं," मी म्हटलं. "तेल बळ यावं म्हणून लावतात. जेवायचं असतं."

"खरं सांगून राह्यलीस?"

"खरंच."

"बाई, मंग आधी सांगायचं ना! दोन दिस झाले, पोटात आग पडलीय माझ्या." आणि मग हळूच, "लसणाचा ठेचा करशील का? मीठ बराबर टाकून?"

मशीन सुरू झाल्यापासून मीठ बंद होतं, डाळ मापून, पाणी तर पेल्यावर खूण करून. मैत्रीण म्हणाली, आता काही बंद नाही. मी ठेचा कुटला. मायनं ज्वारीची पाव भाकरी त्याच्याबरोबर सावकाश खाल्ली, बोटं चाटली, आणि म्हणाली, "दोन वर्सं मागून राह्यल्ते मी हे. तू द्यायची न्हाईस."

तेल लागल्यापासून अकराव्या दिवशी दुपारी ती गेली. शेवटचे दोन दिवस झोपेतच होती.

वर्ग मी अजून घेते, आवाज तेवढाच मोठा आहे. गर्भाबद्दल मैत्रीण आणि मी अजून भांडतो, आणि विषाची सुई मी मरेपर्यंत खूनच म्हणणार. मशीन सोडण्याबद्दल मात्र मी पोरांसमोर चूक कबूल केली. मशीन बंद केल्याचं मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही. वाईट याचं वाटतं, की मायला जगवते आहे असं मी दोन वर्षं सगळ्या जालन्याला सांगत फिरले, आणि त्या दोन वर्षांत तिला पोटभर जेवू दिलं नाही.