दाराशी एकच चप्पल

"ताई, दाराशी एकच चप्पल दिसतेय. दुसरी कुठंय?"

वंदनाताईंनी मागे वळून पाहिलं. "अगं माय! ऑटोतच पडली का काय?" म्हणून त्या हसल्या. मी नाही हसले.

पायातली चप्पल गळून पडते आणि कळतही नाही, म्हणजे पाय बधिर झालाय. आम्हा फिजिओथेरपिस्टना या लक्षणाची धास्ती असते. कमरेत नस दबली की असं होतं.

माझं क्लिनिक चिखलीला. वंदनाताई मुलीला, पिंकीला, घेऊन अमडापूरहून नऊ वर्षं येत होत्या. पिंकीला सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूला लहानपणीच इजा झाल्यामुळे स्नायूंवर ताबा कमी. डोकं मात्र तल्लख, आणि जीभ त्याहून. चौदाव्या वर्षीही ती आईच्या कडेवरूनच यायची.

"ताई, कॉटवर झोपा."

"मी? मले काय धाड भरली? पोरीचं पाहा ना मॅडम."

झोपवलंच. डावा पंजा वर ओढता येईना. कमरेला ओढणी करकचून आवळलेली.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासून. हिले उचलतानी आधार होते."

माझा पारा चढला. "मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही कुठं इचारलं?"

पिंकीच्या फायलीत तिच्या एकेका सांध्याची नोंद होती, आईची एक ओळ नव्हती. आणि गुडघे वाकवून, छातीशी धरून उचलायचं, हे मीच शिकवलेलं. पिंकी पाच वर्षांची असताना. पोरगी वाढली, माझा सल्ला तेवढाच राहिला. लाज वाटली.

एमआरआय झाला. मणक्यातली गादी सरकली होती. हाडाच्या डॉक्टरांनी बजावलं, उचलणं बंद. नाहीतर ऑपरेशन, आणि पाय कायमचा लुळा राहू शकतो.

रिपोर्ट घेऊन आल्या आणि माझ्यासमोर रडल्या. "मंग पोरीले कोण उचलन? हिचे पप्पा दिवसभर शाळेत नोकरीले."

बाकावरून पिंकी म्हणाली, "कोणीच नोका उचलू. मले सरकता येते. मायच सरकू देत नाही."

तिलाही मी कधी विचारलं नव्हतं.

सुताराकडून एक फळी गुळगुळीत करून आणली. एक टोक कॉटवर, दुसरं क्लिनिकातल्या व्हीलचेअरवर. पिंकी इंचाइंचानं सरकू लागली. घामाघूम झाली. वंदनाताईंचे हात सारखे पुढे जायचे.

"माय, हात मांडीखाली ठेव!" पिंकी ओरडली.

त्या खरोखरच स्वतःच्या हातांवर बसून राहिल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात काढला नाही. पिंकी खुर्चीत पोचली.

ऑपरेशन टळलं. चार महिन्यांत वंदनाताईंना पंजा उचलता येऊ लागला. अंगठा अजून थोडा बधिर आहे.

आता कुठल्याही पोराचा केसपेपर काढला की मी आईचाही काढते. कंबर कशी आहे विचारते. उत्तर ठरलेलं असतं, "मले काय धाड भरली?"

मग मी त्यांना कॉटवर झोपवते.